जीपीएस बोर्ड किती वीज खातो? एका आकड्यात उत्तर का मिळत नाही

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन जीपीएसचा बोर्ड मागितला, तर बहुतेक दुकानांत निओ-६एम हे मॉड्यूल बसवलेला छोटा निळा बोर्ड समोर येतो. सोबत चौकोनी सिरॅमिक अँटेना, बोर्डावर पत्र्याचं झाकण असलेलं मॉड्यूल, एक बारीक एलईडी आणि चार पिना. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट, गाडी चोरीला गेली तर सापडावी म्हणून घरी बनवलेले ट्रॅकर, ट्रेकला न्यायचे लॉगर, सगळे इथूनच सुरू होतात. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: करंट किती घेतो? उत्तरही ठरलेलं: पन्नास मिलिअँपिअर धरा.

हे उत्तर खोटं नाही. पण त्यावर विसंबून बॅटरी निवडली, तर ती तीन दिवस चालेल, तीन आठवडे की नऊ महिने, यातलं काहीच सांगता येणार नाही. तिन्ही शक्य आहेत, तोच बोर्ड आणि तीच बॅटरी घेऊन. कारण या बोर्डाचा वीजखर्च त्याच्या अंगावर छापता येईल असा आकडा नाही. डोक्यावर आकाश किती मोकळं आहे, बोर्ड याआधी कधी चालू होता आणि आपण मीटर नेमका कुठे लावला आहे, यावर तो बदलतो. म्हणून आधी बोर्ड आतून काय करतो ते पाहू आणि मग मीटर हातात घेऊ.

नुसतं ऐकायला एवढी वीज कशाला?

जीपीएस रिसीव्हर उपग्रहाला काहीही पाठवत नाही. तो फक्त ऐकतो. ("जीपीएस चालू ठेवलं की फोन सॅटेलाइटशी बोलत राहतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता दुरुस्त करायचंही सोडून दिलंय.) मग नुसत्या ऐकण्यात बॅटरी का उतरते?

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की अँटेनाच्या हाती लागणारी शक्ती वॅटमध्ये लिहायची तर दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं देऊन मग एक लिहावा लागेल. अँटेना आणि सर्किट यांच्या नुसत्या उष्णतेमुळे त्याच पट्ट्यात जो गोंगाट होतो, तो या सिग्नलच्या शंभरेक पट जोरदार असतो. म्हणजे सिग्नल गोंगाटाखाली पूर्ण बुडालेला. आकाशातले असेच दुबळे रेडिओ सिग्नल पकडायला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. आपला बोर्ड मात्र बोटभर सिरॅमिकच्या तुकड्यावर भागवतो. ते जमतं, कारण काय ऐकायचं आहे ते त्याला आधीच ठाऊक असतं.

प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःचा एक कोड सतत पाठवत असतो. १०२३ तुकड्यांचा तो कोड दर मिलिसेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रिसीव्हर तोच कोड स्वतःकडे तयार करतो, आलेल्या गोंगाटावर ठेवतो आणि पुढे-मागे सरकवत जुळतो का ते पाहतो. अडचण अशी की कोड नेमका कुठून सुरू होतोय ते माहीत नसतं. शिवाय उपग्रह वेगाने फिरत असल्यामुळे त्याची वारंवारता पाच किलोहर्ट्झपर्यंत वर किंवा खाली सरकलेली असू शकते. अर्ध्या-अर्ध्या तुकड्याने सरकवायचं म्हटलं तर कोडच्या २०४६ जागा होतात. वारंवारतेच्या ५०० हर्ट्झच्या पायऱ्या धरल्या तर त्या एकवीस. गुणाकार झाला जवळपास ४३ हजार, तोही एका उपग्रहासाठी. ३२ कोड तपासायचे तर पावणेचौदा लाख शक्यता. प्रत्येक शक्यतेसाठी गुणाकार आणि बेरजांची रांग. वीज जाते ती इथे.

एकदा उपग्रह सापडला की काम हलकं होतं. कोड कुठे आहे ते कळलेलं असतं, तो हातातून निसटू नये एवढंच पाहायचं. म्हणून डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, दोन आकडे वेगळे दिलेले असतात. निओ-६एमसाठी ३ व्होल्टवर शोधताना सरासरी ४७ मिलिअँपिअर आणि पकड बसल्यावर सुमारे ३९. क्षणिक कमाल ६७. पकड बसल्यावरही आकडा फार खाली येत नाही, कारण अँटेनाजवळचा रेडिओचा भाग दोन्ही वेळा चालूच असतो. ही चिप आता बरीच जुनी झाली. त्याच कंपनीचं मॅक्स-एम१०एस हे मॉड्यूल सतत चालू राहूनही २५ मिलिवॅटच्या आत भागवतं. निओ-६एमचे ३९ मिलिअँपिअर गुणिले ३ व्होल्ट म्हणजे ११७ मिलिवॅट होतात. नवीन काही बनवत असाल तर मोजमापात डोकं घालण्याआधी मॉड्यूल बदला, निम्मं काम तिथेच होतं.

उपग्रह सापडला म्हणजे ठिकाण कळलं, असंही नाही. तो उपग्रह या क्षणी नेमका कुठे आहे, ही माहिती तो स्वतःच पाठवतो, आणि पाठवतो सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने. आपल्या कक्षेची अचूक माहिती सांगायला त्याला १८ सेकंद लागतात आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितली जाते. म्हणून कोरी पाटी घेऊन चालू केलेल्या निओ-६एमला मोकळ्या आकाशाखालीही पहिल्या फिक्ससाठी, म्हणजे आपलं ठिकाण कळायला, २७ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी हा वेळ कमी होत नाही, समोरचा सांगतोच हळू. ही माहिती साधारण चार तास कामाची असते. ती बोर्डाच्या बॅकअप मेमरीत शिल्लक असेल तर पुढचं फिक्स एका सेकंदात मिळू शकतं. २७ सेकंद आणि १ सेकंद, हा फरक लक्षात ठेवा.

मीटर मध्ये घातला की सर्किट बदलतं

करंट मोजायचा म्हणजे वीज जाते ती वायर तोडून मध्ये मीटर घालायचा. मीटरच्या आत असतो एक छोटा रेझिस्टर, ज्याला शंट म्हणतात. करंट त्यातून गेला की त्याच्या दोन टोकांत थोडं व्होल्टेज पडतं, ते मोजून मीटर करंट दाखवतो. गोम अशी की तेवढं व्होल्टेज बोर्डाला कमी मिळतं.

साध्या पिवळ्या डीटी-८३० छाप मल्टिमीटरमध्ये २०० मिलिअँपिअरच्या रेंजला शंट १ ओहमचा असतो, २० मिलिअँपिअरला १० ओहमचा आणि २०० मायक्रोअँपिअरला तब्बल १००० ओहमचा. शिवाय फ्यूजचा आणि प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स आहेच. २०० च्या रेंजवर निओ-६एम मोजला तर ४७ मिलिअँपिअरला ४७ मिलिव्होल्ट आणि वर फ्यूजचे थोडे, एवढंच पडतं. चालून जातं. पण १० ओहममधून ६७ मिलिअँपिअरचा झटका गेला तर ०.६७ व्होल्ट पडतात. मॉड्यूलला थेट ३.३ व्होल्ट देत असाल तर उरले २.६३, आणि मॉड्यूलची किमान गरज आहे २.७. बोर्ड रीसेट होतो, पुन्हा उठतो, पुन्हा झटका मारतो, पुन्हा पडतो. मीटरवर दिसतो कुठलातरी नाचरा आकडा आणि माणूस म्हणतो बोर्ड खराब आहे.

झोपेतला करंट पाहायला रेंज २०० मायक्रोवर नेली की हाच प्रकार आणखी वाईट होतो. बोर्ड झोपलेला आहे तोवर ठीक. जागा व्हायला गेला की १००० ओहममधून त्याला साडेतीन मिलिअँपिअरही मिळत नाहीत. तेव्हा झोप आणि जाग एकाच रेंजवर मोजायचा हट्ट धरू नये.

मल्टिमीटरची दुसरी मर्यादा वेळेची. तो सेकंदाला दोन-तीन वेळाच वाचतो. निओ-६एमच्या बोर्डावरचा एलईडी फिक्स मिळाल्यावर दर सेकंदाला १०० मिलिसेकंद लुकलुकतो. तेवढा वेळ करंट वर जातो आणि खाली येतो. मीटर तो कधी पकडतो, कधी सोडतो, म्हणून शेवटचा अंक सारखा हलत राहतो. सरासरीचा अंदाज येतो, आकार दिसत नाही.

आकार दिसावा म्हणून पुढची पायरी आयएनए२१९. ही चिप लावलेलं छोटं मॉड्यूल स्वस्तात मिळतं आणि आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला) दोन वायरींनी जोडलं जातं. त्यावरचा शंट ०.१ ओहमचा, म्हणजे बोर्डाला त्याचा त्रास जवळपास नाही. त्याची सर्वात बारीक पायरी ०.१ मिलिअँपिअर. पण एक खोच आहे: या चिपचा शून्य थोडा सरकलेला असू शकतो, आणि डेटाशीटप्रमाणे साध्या प्रकारात तो १०० मायक्रोव्होल्टपर्यंत सरकलेला चालतो. ०.१ ओहमला हे १ मिलिअँपिअर होतात. ४५ मोजताना एक इकडेतिकडे चालेल, पण मायक्रोअँपिअरमधली झोप मोजताना त्या आकड्याला अर्थ नाही. उपाय दोन. आधी बोर्ड काढून ठेवून नुसतं वाचन घ्यायचं आणि ते पुढच्या सगळ्या वाचनांतून वजा करायचं. किंवा मॉड्यूलवरचा ०.१ चा रेझिस्टर काढून तिथे १ ओहमचा सोल्डर करायचा, म्हणजे पायरी १० मायक्रोअँपिअरची होते. तसं केलंत तर कोडमध्येही शंटची किंमत बदला. नाहीतर सगळे आकडे दहापट येतील आणि तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला उगाच शिव्या बसतील.

ऑसिलोस्कोप असेल तर १ ओहमच्या रेझिस्टरवर त्याचा प्रोब लावून करंटचा आलेख थेट पडद्यावर दिसतो. आणि कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या लॅबमध्ये नॉर्डिक कंपनीचं पॉवर प्रोफायलर किट २ असेल तर मग बाकी सगळं बाजूला ठेवा. ते २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत स्वतःच रेंज बदलत, सेकंदाला एक लाख वाचनं घेतं.

या आलेखावर काय दिसतं? वीज दिल्याक्षणी एक उंच, सुईसारखी रेघ. तो बोर्डावरच्या कपॅसिटरांचा पहिला भरणा, मिलिसेकंदांत संपतो. त्याला घाबरू नका. मग एक खडबडीत पठार, पंचेचाळीसच्या आगेमागे. हा शोध. अर्ध्या मिनिटाच्या आसपास पठार एक पायरी खाली उतरतं आणि त्याच सुमारास त्यावर दर सेकंदाला एक चौकोनी दात उगवायला लागतो. ते एलईडीचं लुकलुकणं. फिक्स मिळाल्याचं हे आलेखावरूनच कळतं, लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दाखवणारा सिरियल मॉनिटर उघडावाही लागत नाही. आता अँटेनावर हाताचा तळवा झाकून धरा. काही उपग्रह सुटतात, बोर्ड त्यांना पुन्हा शोधू लागतो आणि रेघ वर चढते. करंट आकाशावर अवलंबून आहे म्हणजे काय, ते या एका हालचालीत दिसतं.

चोरवाटा

इथून पुढच्या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात क्वचित येतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच घालतात.

पहिली वाट ग्राउंडची. काही जण शंट पॉझिटिव्हच्या वायरीत न घालता ग्राउंडच्या वायरीत घालतात, कारण स्कोपला ते सोपं पडतं. पण बोर्ड यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने लॅपटॉपलाही जोडलेला असेल, तर ग्राउंडला दोन रस्ते मिळतात: एक तुमच्या शंटमधून, दुसरा लॅपटॉपच्या वायरीतून. करंट दोन्हींतून वाटला जातो आणि मीटर फक्त आपल्या वाट्याचा दाखवतो. बोर्ड अचानक निम्म्या विजेवर चालतोय असं वाटायला लागतं. मोजताना सिरियल केबल काढा, किंवा शंट पॉझिटिव्हच्या बाजूला घाला. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप बहुतेक वेळा भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते, तेव्हा पॉझिटिव्हच्या बाजूला ती लावताना बोर्ड बॅटरीवर चालवलेला बरा.

दुसरी वाट आणखी चोरटी. वीज वाचवायची म्हणून तुम्ही ट्रान्झिस्टर लावून जीपीएसच्या बोर्डाचा पुरवठा बंद केलात. पण मायक्रोकंट्रोलरची (जीपीएसला हुकूम देणाऱ्या आर्डुइनोसारख्या चिपची) सिरियल पिन अजून ३.३ किंवा ५ व्होल्टवर उभी आहे. चिपच्या प्रत्येक पिनेला आतून संरक्षक डायोड असतात. त्या डायोडमधून मायक्रोकंट्रोलरची पिन बोर्डाला मागच्या दाराने वीज देत राहते. पुरवठ्याच्या वायरीत मीटर शून्य दाखवतो, इकडे बॅटरी मात्र उतरत असते. पुरवठा तोडण्याआधी ती पिन शून्यावर आणायची किंवा इनपुट करून ठेवायची, आणि मीटर जीपीएसच्या वायरीत न लावता बॅटरीच्या तोंडाशी लावायचा. शेवटी वीज जाते ती तिथूनच.

बॅटरीच्या तोंडाशी मोजलं की आणखी एक हिशेब दिसतो. निळ्या बोर्डावर ५ व्होल्टचे ३.३ करणारा छोटा रेग्युलेटर असतो. तो उरलेलं व्होल्टेज सरळ उष्णतेत घालवतो. बोर्डाला ५ व्होल्टवर ४५ मिलिअँपिअर लागत असतील तर बॅटरीकडून गेले २२५ मिलिवॅट, मॉड्यूलला मिळाले जेमतेम १४८, बाकी ७७ च्या आसपास नुसती गरमी. एक तृतीयांश! शिवाय रेग्युलेटरला स्वतःलाही काही दशक ते शंभरेक मायक्रोअँपिअर लागतात. बोर्ड चालू असताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, मॉड्यूल झोपलं की रेग्युलेटरच मोठा गिऱ्हाईक होऊन बसतो. म्हणून नुसता "४५ मिलिअँपिअर" असा आकडा कोणी सांगितला, तर किती व्होल्टवर आणि रेग्युलेटरच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारल्याशिवाय वहीत उतरवू नये.

बोर्डाला बाहेरची अ‍ॅक्टिव्ह अँटेना लावली असेल तर तिच्यातला अँप्लिफायर आणखी पाच ते वीस मिलिअँपिअर खातो, तो वेगळा धरायचा. जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू या इतर देशांच्या उपग्रह प्रणाली चालू केल्या की खर्च वाढतो. नाविक या आपल्या भारतीय प्रणालीचे जुने उपग्रह एल५ आणि एस या पट्ट्यांत बोलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी रेडिओचा वेगळा भाग जागा ठेवावा लागतो. २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकही एल१ वर, म्हणजे जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, येऊ लागला आहे.

झोपेतला करंट, फक्त व्होल्टमीटरवर

निओ-६एमला बॅकअपसाठी २२ मायक्रोअँपिअरच्या आसपास लागतात. एवढं बारीक मोजायला महागडं उपकरण नसेल तर एक जुनी युक्ती आहे. १००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत भरायचा, त्यावर फक्त बॅकअपची पिन जगवायची आणि घड्याळ लावायचं. कपॅसिटरचं व्होल्टेज किती वेळात किती उतरलं यावरून करंट निघतो: कपॅसिटरची किंमत गुणिले उतरलेले व्होल्ट, भागिले सेकंद. २२ मायक्रोअँपिअरला अर्धा व्होल्ट उतरायला सुमारे २३ सेकंद लागतील. स्वस्त मीटर स्वतः १ मेगाओहमचा असतो, म्हणजे तोच ३ मायक्रोअँपिअर पितो. म्हणून तो सतत जोडून न ठेवता सुरुवातीला आणि शेवटी टेकवायचा. आणि आधी एकदा कपॅसिटर बोर्डाशिवाय नुसता ठेवून तो आपला आपण किती गळतो ते पाहून घ्यायचं.

निळ्या बोर्डावर याच कामासाठी एक इवलासा रिचार्जेबल सेल असतो. तो पूर्ण उतरलेला असेल तर सुरुवातीला तोही भरणा मागतो, आणि मेलेला असेल तर बोर्डाला आठवणच राहत नाही. पुरवठा तोडून दहा मिनिटांनी परत दिला आणि मोकळ्या आकाशाखालीही फिक्सला पुन्हा अर्धा मिनिट लागला, तर सेल गेला असं समजायचं.

हिशेब फिक्सचा करायचा

सोसायटीतली पाण्याची मोटर किती हॉर्सपॉवरची आहे यावर बिल ठरत नाही, टाकी भरेपर्यंत ती किती वेळ चालली यावर ठरतं. इथेही तसंच आहे. करंट गुणिले वेळ काढा, आणि तो एका फिक्समागे काढा.

दर दहा मिनिटांनी एकदा ठिकाण सांगणारा ट्रॅकर धरू. दिवसाला १४४ फिक्स. बोर्डाला आधीचं सगळं आठवत असेल तर फिक्स लवकर मिळतं. उठणं, फिक्स आणि थोडं स्थिरावणं मिळून पाच सेकंद, सरासरी ४५ मिलिअँपिअर. झाले २२५ मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे ०.०६ एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासाच्या) जरा वर. कोऱ्या पाटीने सुरुवात करावी लागली तर ३० सेकंद गुणिले ४७, म्हणजे ०.३९ एमएएच. आणि आकाशच दिसत नसेल तर? बहुतेक प्रोग्रॅममध्ये दोन मिनिटं शोधून नाद सोडायचा असं लिहिलेलं असतं. १२० सेकंद गुणिले ४७ म्हणजे १.५७ एमएएच. हाती काहीच लागलं नाही, आणि खर्च यशस्वी फिक्सच्या पंचवीस पट.

आता हा ट्रॅकर दुचाकीवर बसवा. दिवसभर बाणेरच्या उघड्या पार्किंगमध्ये, रात्री बारा तास सोसायटीच्या तळघरात. मोकळ्या आकाशाखाली चोवीस तास राहिला असता तर १४४ फिक्सचे ९ एमएएच आणि झोपेचा अर्धा, एकूण साडेनऊ. २६०० एमएएचचा सेल कागदावर तरी नऊ महिने पुरतो. पण तळघरातले ७२ फसलेले प्रयत्न एकट्याने ११३ एमएएच खातात. सेल तीन आठवड्यांत संपला. आणि मॉड्यूल कधीच न झोपवता चालू ठेवलं तर दिवसाला ९३६ एमएएच, म्हणजे पावणेतीन दिवस. सुरुवातीला म्हटलेले तीन दिवस, तीन आठवडे आणि नऊ महिने ते हेच.

ट्रॅकर दुचाकीऐवजी दप्तरात असेल आणि दप्तराचा मालक सिव्हिल कोर्टहून स्वारगेटला मेट्रोने जात असेल, तर तो सगळा टप्पा जमिनीखालून आहे. तिथेही हेच घडतं, फक्त थोडा वेळ. लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या बोळांत आकाशाची पट्टी दिसते, फिक्स मिळतं, पण उशिरा. टेबलावर खिडकीशी बसून घेतलेलं वाचन यातल्या कुठल्याच जागेला लागू पडत नाही. निदान दोन वाचनं घ्या: एक वेताळ टेकडीवर किंवा गच्चीवर, एक पार्किंगमध्ये.

तळघराचा इलाज स्वस्त आहे. गाडी हलली का ते सांगणारा अ‍ॅक्सिलरोमीटर काही मायक्रोअँपिअरवर जागा राहतो. गाडी हललीच नसेल तर जीपीएसला उठवायचंच नाही. तेही नको असेल तर फसलेल्या प्रयत्नानंतर पुढचा प्रयत्न दुप्पट वेळाने करायचा, आणि पहिल्या वीस सेकंदांत एकही उपग्रह ऐकू आला नाही तर दोन मिनिटं वाट न पाहता तिथेच थांबायचं.

उलट दिशेलाही एक खड्डा आहे. फिक्स मिळाल्याक्षणी वीज तोडायची, असा कंजूष प्रोग्रॅम लिहिला तर पहिले काही तास आलेख सुंदर दिसतो. पण बोर्डाला उपग्रहांची नवी माहिती उतरवून घ्यायला सलग १८ ते ३० सेकंद कधी मिळतच नाहीत. चारेक तासांत जुनी माहिती शिळी होते आणि एकेक फिक्स अर्ध्या मिनिटाचं होऊ लागतं. म्हणून अधूनमधून, तास-दीड तासाने, त्याला अर्धा-पाऊण मिनिट मोकळ्या आकाशाखाली जागं ठेवणं एकूण हिशेबात स्वस्तच पडतं. अर्थात हा खड्डा अर्ध्या तासाच्या चाचणीत दिसणारच नाही.

ट्रॅकरमध्ये मोबाइलचं मॉड्यूल असेल तर त्याचा करंट वेगळा मोजा. सिम८००एल सारखं जुनं टूजी मॉड्यूल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचतं, आणि हा झटका अर्ध्या मिलिसेकंदाच्या जरा वर टिकतो. मल्टिमीटरला त्याचा पत्ताही लागत नाही, पण बारीक वायरीवर व्होल्टेज पडून शेजारचा जीपीएस रीसेट होतो आणि कोऱ्या पाटीने पुन्हा शोध सुरू करतो. जीपीएसचा खर्च विनाकारण वाढलेला दिसला, तर आधी मोबाइल मॉड्यूलची वायर जाड करून आणि त्याच्याजवळ मोठा कपॅसिटर लावून पाहा.

खरा आकडा हवा असेल तर शेवटी पूर्ण चोवीस तास मोजा. आयएनए२१९ ला आतल्या आतच १२८ वाचनांची सरासरी काढायला लावता येतं, एका सरासरीला ६८ मिलिसेकंद लागतात. ती प्रत्येक सरासरी त्या वेळाने गुणून बेरजेत टाकत राहायचं आणि दर मिनिटाला बेरीज एसडी कार्डवर लिहायची. या मोजणाऱ्या सर्किटला स्वतःची वेगळी पॉवर बँक द्या, नाहीतर त्याचाच खर्च बेरजेत येईल. ग्राउंड दोघांचं एकच ठेवा, शंट पॉझिटिव्हच्या बाजूला. डबी सीटखाली ठेवायची, गाडी नेहमीसारखी वापरायची, रात्री नेहमीच्या जागी लावायची. कार्डवरच्या आकड्यांशेजारी प्रत्येक प्रयत्नाला किती सेकंद लागले आणि फिक्स मिळालं की नाही, एवढे दोन रकाने जोडले की कुठल्या तासाने किती खाल्लं ते दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सेलमध्ये उघडून बघता येतं.